अंगठ्याला न लागलेला दाणा

डुकरांच्या बाजारात त्यांना सगळे मामा म्हणत. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण त्यांनी जिभेला हात लावल्याशिवाय तिथे डुक्कर विकलं जात नसे. दोघांनी जनावर आडवं पाडायचं, तिसऱ्याने जबड्यात काठी घालायची, मग मामा फडक्याने जीभ बाहेर ओढून तिच्या खालून अंगठा फिरवायचे. डुक्कर आभाळ डोक्यावर घ्यायचं आणि मामा डोळे मिटून शांत. अंगठ्याला भिजल्या तांदळासारखं काही लागलं की म्हणायचे, "दाणा आहे." सौदा तिथेच मोडायचा. नाही लागलं तर, "निर्मळ. खुशाल न्या." तीस वर्षांत त्यांच्या शब्दापुढे कुणी ब्र काढला नव्हता.

दाणा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मामांना कधी पडला नव्हता. जनावराचं रक्त तापलं की दाणा धरतो, असं ते बिनदिक्कत ठोकून द्यायचे.

मामी मात्र मांसाच्या वाटेला जात नसत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, "तुमचा धंदा तुमच्यापाशी, माझं ताट माझ्यापाशी." मामांनी ते पाळलं. हुक्की आली की ते बाजारातल्या शेगडीवरचे तुकडे खाऊन यायचे. बाहेरून करपलेले, आतून गुलाबी. "पुरतं भाजलं की चामडं होतं," असं त्यांचं ठाम मत. घरी आले की मामींसाठी फळं चिरायला बसायचे. त्यांची माया बोलून दाखवायची नव्हती, ती अशी फोडींतून दिसायची.

त्या वर्षी मामींना तिसऱ्यांदा झटका आला. ओट्यापाशी उभ्या होत्या, त्या धाडकन खाली कोसळल्या. हातपाय ताठ, डोळे वर गेलेले. दवाखान्यात डोक्याचं स्कॅन काढलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत सात ठिपके आहेत. डुकरातल्या पट्टकृमीच्या अळ्या आहेत या, बाजारात दाणा म्हणतात त्याच."

"तुमची काहीतरी गल्लत होतेय, डॉक्टर," मामा म्हणाले. "हिने जन्मात डुक्कर चाखलेलं नाही."

"चाखावं लागत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पोटात कृमी असला तरी पुरतं."

मामांना ते पटेना. दाण्यातलं कळणारी दुसरी व्यक्ती गावात एकच होती, कत्तलखान्यातल्या पशुवैद्य बाई. त्यांच्याशी मामांचं विळ्याभोपळ्याचं नातं. मांसावर बाईंच्या तपासणीचा शिक्का बसू लागल्यापासून मामांच्या शब्दाचं वजन कमी झालं होतं. पण मामींपुढे मान कसला! मामा सरळ त्यांच्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि घडलं ते सगळं सांगितलं.

बाईंनी पोलादी टेबलावरचं एक चिरलेलं हृदय पुढे सरकवलं. "मामा, परवा तुम्ही निर्मळ म्हणालात, त्या डुकराचं हे हृदय."

लाल मांसात तीन दाणे चमकत होते. मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुमच्या अंगठ्याची चूक नाही," बाई म्हणाल्या. "जिभेत एकही नव्हता. जीभ सगळं सांगत नाही."

त्यांनी चिमट्याने एक दाणा अलगद सोडवला. वाटाण्याएवढी पाणीदार पिशवी आणि आत एक पांढरा ठिपका. कोमट पाण्यात पित्ताचे थेंब टाकून बाईंनी दाणा त्यात सोडला. "बसा. याला वाटू दे की आपण माणसाच्या पोटात पोचलो."

बऱ्याच वेळाने त्यांनी मामांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. मामांनी एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला, आणि ते जागच्या जागी थिजले.

उलटा मोजा सुलटा करावा तसा तो ठिपका स्वतःला आतून बाहेर काढत होता. आधी मान आली, मग डोकं. डोक्याला तोंडासारख्या चार गोल वाट्या, आणि अगदी माथ्यावर आकड्यांचं कडं. एकाआड एक लहानमोठे आकडे, एकही वाकडा नाही, एकही जास्तीचा नाही. ते डोकं हळूच इकडे वळलं, तिकडे वळलं, आधारासाठी चाचपडू लागलं.

"अरे बापरे," मामांच्या तोंडून निघालं. "हे जिवंत आहे."

"हो."

"तीस वर्षं याच्यावरून अंगठा फिरवतोय मी. मला वाटायचं, गाठ आहे." ते भिंगावरून हलेनात. "किती कोरीव आहे हो! राईच्या दाण्याहून लहान, आणि त्यावर एवढी कलाकुसर!"

"मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. अजूनही होतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. मांस अर्धकच्चं खाल्लं, की हेच डोकं माणसाच्या आतड्याला आकडे रोवतं आणि त्यापासून लांबच लांब फीत वाढते. फितीचे अंड्यांनी भरलेले तुकडे शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावरची ती घाण डुकराने खाल्ली, की डुकरात दाणे. आणि तीच अंडी न धुतलेल्या हातावरून माणसाच्या तोंडात गेली, तर दाणे माणसात. मेंदूतसुद्धा.

मामांनी भिंगावरून मान वर केली आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बाजारात संडास नव्हता. सगळे कुंपणामागे जात, आणि हात पाण्याच्या पिंपात नुसते बुचकळत.

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "तुमची तपासणी करून घ्या."

तपासणीत अंडी सापडली. मामांनी डॉक्टरांची गोळी घेतली, वर रेचक घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाकणाची बरणी घेऊन बाईंकडे हजर झाले. बाईंनी हातमोजे घालून ती फीत ताटात पसरली. पांढरी, चपटी, एकसारख्या कप्प्यांची. मोजली तर सव्वातीन मीटर. मानेकडे ती सुतासारखी बारीक होत गेली होती, आणि शेवटी तेच डोकं.

"दुखलं नाही, खुपलं नाही," मामा पुटपुटले. "लोकांच्या जनावरांच्या तोंडात हात घालत फिरलो मी. आणि हे एवढं माझ्या आत!"

त्यांना किळस यायला हवी होती, आली नाही. भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्याही पलीकडे, एखाद्या अफाट गोष्टीपुढे उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटत होतं.

मामींना सांगणं सगळ्यात जड गेलं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "तुझ्या डोक्यात जे आहे, ते माझ्या हातून गेलंय."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. "फळांतून?"

"असंच दिसतंय."

मामींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "साबणाने हात धुवून या. कोपरापर्यंत. मग बसा इथे."

मामींचे उपचार सुरू झाले. मामा आता दर बाजाराला शेगडीवाल्यापाशी जाऊन उभे राहत. "आतून गुलाबी दिसलं की परत निखाऱ्यावर टाक," असं त्यांनी इतकं डोकं खाल्लं, की तो त्यांना लांबून पाहिलं तरी तुकडे उलटायला घ्यायचा. जीभ निर्मळ निघाली तरी ते आता सांगत, "माझ्यापुरतं ठीक आहे. शिक्का बाईंचा घ्या." संडासासाठी त्यांनी बाजारसमितीचे उंबरे झिजवले. लोक हसले. पण शेवटी तीन संडास झाले, दार-कडीचे, आणि बाहेर नळ.

आठ महिन्यांनी दुसरं स्कॅन झालं. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पाटीवर शेजारीशेजारी लावल्या. मामींनी स्वतःचं डोकं असं आतून कधी पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीतून उठून अगदी जवळ गेल्या. अक्रोडाच्या गरासारख्या त्या वळ्यांवर बोट न टेकवता त्यांनी ठिपके मोजले. जुन्या फिल्ममध्ये सात. नवीनमध्ये दोन, तेही खड्यासारखे घट्ट.

"हे दोन?" त्यांनी विचारलं.

"मेलेले आहेत. ते राहतील तिथेच. झटक्यांच्या गोळ्या मात्र इतक्यात थांबवायच्या नाहीत."

मामी तिथून हलल्या नाहीत. "माझं माहेर, माझी आई, पाठ केलेली गाणी... हे सगळं यातच?"

"यातच," डॉक्टर म्हणाले.

"आणि ते सात जण त्यांच्या शेजारी राहिले!" त्यांनी मामांकडे वळून पाहिलं. "बघा. माझ्या डोक्यात काही नाही म्हणायचात ना?"

मामांना हसू आलं, आणि डोळेही भरून आले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामींनी एका हाताने कठडा धरला होता. दुसरा हात, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं सांभाळावं तसा, डोक्याशी धरला होता. मामा एक पायरी मागे राहून, त्यांच्या चालीने उतरत राहिले.