नकाशाच्या खोलीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. खाली ओकचे लाकूड, वर काच. पण मित्रांनो, काच आहे म्हणून माझ्यातून पलीकडचे दिसते असे समजू नका. माझ्यावर बाहेरून खाकी कागद चिकटवलेला आहे.

सुताराने मला घडवले आणि मी आधी एका दातांच्या डॉक्टरकडे लागलो. आतला रुग्ण बाहेरच्यांना दिसायचा आणि बाहेरचे मुकाट घरी जायचे. तरी सगळे माझे कौतुक करीत. डॉक्टर वारले आणि विधानभवनासमोरच्या त्या खोलीत वकील आले.

आमच्या राज्यात दर जनगणनेनंतर आमदारांचे मतदारसंघ नव्याने आखतात. या खेपेस ते काम माझ्याआड गुपचूप चालले. नकाशा आखायला वकिलांनी नेमलेला माणूस नोलन प्रुइट. त्याने कागद चिकटवला, माझ्या बिजागऱ्यांना तेल घातले आणि भिंतीवरच्या नकाशावर चादर टाकली. प्रत्येक आमदारासाठी वेगळी चादर, तिला त्याच्याच मतदारसंघाच्या आकाराचे भोक. त्या हिवाळ्यात प्रुइटच्या घरी अंथरायला काही उरले नसावे. आमदार एकेकटा येई, कुणाशी बोलणार नाही अशी सही करी आणि भोकातून आपला प्रदेश पाहून खूश होऊन जाई.

नदीच्या पूर्वेचा आमदार कर्टिस एंगेब्रेटसन म्हणाला, "नोलन, हेरन बेंड गाव तेवढं माझ्या मतदारसंघातून काढ बाबा. तिथल्या टोलेफसन बाई दर सभेला दालचिनीचे रोल वाटतात, आणि आपल्या तोंडात रोल असतानाच प्रश्न विचारतात."

"काढलं. बोलू नकोस कुठं."

दुपारी पश्चिमेच्या बेव लुंडक्विस्ट आल्या. "हेरन बेंड मला नको हं. राहू दे कर्टिसकडे. मला गोड वर्ज्य आहे."

"बरं."

प्रुइट इतका शब्दाचा पक्का, की एकाचे दुसऱ्याला तर नाहीच, त्याने स्वतःलाही सांगितले नसावे. अख्खा नकाशा रंगला. हेरन बेंड तेवढे पांढरे राहिले, कुणाचेच नाही. दुसऱ्या दिवशी विधानसभेत मतदान होते. माझा जीव टांगणीला लागला. मी कुरकुरायचा प्रयत्न केला, पण तेल चांगले होते.

त्याच संध्याकाळी टोलेफसन बाई रोलचा डबा घेऊन आल्या. सही विसरून दोन्ही आमदारांनी त्यांना "तुम्ही आमच्याकडे नाही" असे सांगितले होते. बाहेर कर्टिस भेटला. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत त्याला बाईंनीच शिकवले होते. त्याने निमूट रोल घेतला. हीटरच्या उबेने माझ्या कागदाचा कोपरा सुटला होता आणि चादरी धुवायला गेल्या होत्या. बाईंनी कोपऱ्यातून आत पाहिले.

"कर्टिस, आमचं गाव पांढरं का रे?"

"बर्फ पडलंय, बाई."

"बर्फ सगळीकडे पडलंय. बेवचा भाग हिरवागार आहे."

कर्टिसने वाकून पाहिले. अख्खा नकाशा त्याने पहिल्यांदाच पाहिला. "म्हणजे तुम्ही बेवकडे पण नाही?"

"ती म्हणते तुझ्याकडे. आमच्या गावाला पूल हवाय, आता त्यासाठी भांडायचं कुणी?"

"मला बोलायची बंदी आहे, बाई. सही केलीय."

"मग रोल गीळ आणि मान हलव. उद्या सभागृहात तुझ्याकडे बघून विचारणार आहे मी. तिथंही नुसती हलवलीस तरी चालेल."

मतदानाआधी सकाळी जाहीर सुनावणी होती, तिथे म्हणे बाईंनी विचारले, "हेरन बेंड तुझ्याकडेच ना रे, कर्टिस?" बेव छताकडे पाहू लागल्या. कर्टिसने होकाराची मान हलवली. दुपारपर्यंत हेरन बेंडला पूर्वेचा रंग लागला, आणि संध्याकाळी प्रुइटने माझा कागद चारही बाजूंनी नव्याने चिकटवला.

तेव्हा मित्रांनो, दरवाज्यांची निगा राखा. काच पुसत जा. बिजागऱ्यांना तेल घाला, पण कुणाला कुरकुरताच येऊ नये इतके नको. आणि काचेवर कुठे कागद दिसला, तर कोपऱ्याला नख लावून पाहा. पुढच्या जनगणनेलाही मी इथेच असेन, आणि या वेळची चिकटपट्टी फार चांगल्या प्रतीची आहे.