शेवळांचं राष्ट्रीय धोरण

तीन वर्षांपूर्वी एका थंड देशातल्या बाई, त्यांच्या देशानं दिलेल्या मदतीतून जंगल किती वाढलं ते बघायला सायवनला आल्या होत्या. जंगल काही वाढलेलं नव्हतं, म्हणून त्यांना शेवळं ही पावसाळी रानभाजी खुडून विकणारी सुकी दाखवण्यात आली. सुकीनं सरळ सांगितलं, "गावदेवाला पहिली जुडी दिल्याबिगर आम्ही शेवळांना हात लावत नाय. आणि कंद जमिनीतच ठेवतो."

बाईंनी ते वहीत उतरवलं. वहीचा अहवाल झाला, अहवालावर दिल्लीत परिषद झाली, आणि मदतीच्या पुढच्या हप्त्याची अट म्हणून सुकीचं बोलणं वनधोरणात शिरलं. यंदा ते वनपाल सुनिलच्या मोटारसायकलवरून सायवनला परत आलं.

"मावशी, टोपली खाली ठेवा. शेवळं खुडायला सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते."

"सकाळीच देवाला जुडी दिली की."

"देवाची सही कुठाय?"

सुकीनं टोपली खाली ठेवली. शेवळं जेमतेम आठ दिवस कोवळी. एकदा पान फुटलं की बाजारात कुणी विचारत नाही. आणि बाजार उद्याच होता.

"पण साहेब, ही रीत आमचीच ना?"

"होती. आता ती योजना आहे."

"तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" नवरा शुक्रा ओट्यावरून म्हणाला. "मी गप बसलो. माझ्यावर झाला का एक तरी कायदा?"

दुपारी सुनिल पुन्हा आला, घामाघूम. "मावशी, त्या बाई उद्या येतायत. धोरण कसं चाललंय ते बघायला. जेवणात शेवळांची भाजी हवी, वरून हुकूम आहे. चार जुड्या काढा पटकन."

"परवानगी?"

"अहो, पाहुण्यांसाठी..."

"नाय बा. देव कोपला तर कोंबडं देऊन मिटवता येतं. दिल्ली कोपली तर काय द्यायचं?"

सुनिलनं इकडेतिकडे बघितलं, कागद मांडीवर घेतला आणि सक्षम प्राधिकारी म्हणून स्वतःचंच नाव घातलं. "किती जुड्या लिहू?"

"जुड्या नको. अख्खा पाडा लिवा. आणि साल लिवू नका."

त्यानं सही ठोकली.

सकाळी पाड्यावरच्या बायका भरल्या टोपल्या घेऊन बाजाराच्या जीपमध्ये चढल्या. सुनिल धावत आला तेव्हा सुकीनं चार जुड्या त्याच्या हातात ठेवल्या.

"काकडाची आंबट फळं घालून शिजवा, नायतर घसा खाजेल. आणि भाजी कशी करतात ते बाईंनी विचारलं, तर ठाऊक नाय म्हणा."