हेटी कोणी काढली?

मित्रांनो, दर गुरुवारी नवे व्हायचे आणि पुढच्या गुरुवारपर्यंत शिळे होऊन जायचे, असे माझे आयुष्य होते. मी मुलांसाठी निघणारे एक जुने विनोदी चित्रसाप्ताहिक आहे. माझे नाव 'क्लॅटर'. इंग्लंडच्या उत्तरेला, बोल्टन नावाच्या गिरण्यांच्या गावात, एका काजळी धरलेल्या विटांच्या इमारतीत माझा छापखाना होता. पहिल्या अंकासोबत मुलांना दाबली की टकटक वाजणारी पत्र्याची एक टिकटिकी फुकट मिळाली होती. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या शिक्षकांनी मला शिव्या दिल्या. माझा जन्म असा वाजतगाजत झाला.

माझ्या पहिल्या पानावर हेटी असे. हातात बादली घेतलेली, गुडघे फुटलेली, वेणी सुटलेली पोर. बादलीत कधी चिखल, कधी रंग, कधी जिवंत बेडूक. आठवडाभर ती गावाचा छळ करी आणि शेवटच्या चौकटीत तिला चपलेचा मार मिळे, नाहीतर कुस्करलेल्या बटाट्यांत खोचलेल्या सॉसेजेसचे भलेमोठे ताट. मधला मार्ग नव्हता. युद्धाच्या काळात खरी सॉसेजेस मिळेनाशी झाली तेव्हा मुले त्या ताटाकडे कितीतरी वेळ बघत बसायची. त्याच काळात कागदही मिळेना. माझी पाने निम्म्यावर आली आणि मुलांनी माझे जुने अंक गोळा करून रद्दीच्या गाडीवर चढवले. देशासाठी कागद हवा होता. गाडीवरचा माणूस त्यांना शाबासकी द्यायचा. वाचलेल्या प्रतींनी कुणी चूल पेटवली, कुणी मला चौकोनी कापून परसातल्या संडासात खिळ्याला टांगले. मी तक्रार करत नाही. माझा जन्मच त्यासाठी होता.

पण हेटीचे तसे नव्हते. ती आधी जाड पुठ्ठ्यावर हाताने काढली जाई, मग तिचा फोटो घेऊन ठसा बनवत आणि मग ती माझ्या अंगावर छापली जाई. तो पुठ्ठा एकच असायचा. तो काढायचा अर्नेस्ट एन्टविसल. माझ्या पहिल्या अंकापासून.

आमच्याकडे एक नियम होता. चित्रकाराने चित्रावर नाव घालायचे नाही. नाव कळले तर दुसरे साप्ताहिक त्याला पळवून नेईल, अशी मालकांना भीती. अर्नेस्ट मात्र प्रत्येक पानावर, उजव्या कोपऱ्यात, काळ्या शाईने बारीक अक्षरांत आपले नाव लिही. पान संपादकांच्या टेबलावर जाई. संपादक मिस्टर लॅम्बोर्न ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून ते नाव झाकून टाकत. पुढच्या आठवड्यात अर्नेस्ट पुन्हा लिही, लॅम्बोर्न पुन्हा झाकत. दोघे जिन्यात भेटले की हवापाण्याच्या गोष्टी करत. या विषयावर त्यांच्यात एक शब्दही कधी झाला नाही.

अर्नेस्टच्या बायकोचे नाव ॲडा. ती लहानपणापासून कापडगिरणीत मागावर होती. शाळा सुटली ती सुटलीच. तिला अक्षरे लग्नानंतर आली, तीही हेटीच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांच्या फुग्यांवर बोट ठेवून. पण एक विद्या तिला आधीपासून येत होती. मागांच्या खडखडाटात तिथे कुणाला काही ऐकू येत नसे, म्हणून गिरणीतल्या बायका आवाजाशिवाय, नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि लांबून एकमेकींचे ओठ वाचायच्या.

एका हिवाळ्यात अर्नेस्टला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि आवाजही गेला. त्याला इस्पितळात ठेवले, तिथल्या वॉर्डात माझी एक प्रत पडलेली असे, त्यामुळे पुढचे मी स्वतः पाहिले आहे. ॲडा रोज यायची, खुर्ची ओढून त्याच्या ओठांसमोर बसायची. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितले होते की दुसरा झटका आला तर तो शेवटचा.

शेजारच्या खाटेवर टॅटरसॉल नावाचा म्हातारा होता. आयुष्यभर कोळशाच्या गोणी वाहून त्याची छाती कामातून गेली होती. एकदा तो माझी प्रत चाळत खोकत खोकत हसत होता. ॲडाला राहवले नाही.

"ती हेटी आहे ना, ती ह्यानं काढलीय," ती म्हणाली.

"ह्यानं?" टॅटरसॉलने चष्म्यावरून पाहिले. "बरं बरं. आणि मी राणीच्या महालात कोळसा भरायचो, बाई. राणी स्वतः दार उघडायची."

"खरं सांगतेय मी."

"मग नाव कुठंय? माझ्या गोणीवरसुद्धा नाव असायचं."

परिचारिका तोंडाला हात लावून हसली. अर्नेस्टने भिंतीकडे तोंड वळवले. संध्याकाळी त्याचे ओठ हलले. ॲडाने वाचले, "पुठ्ठ्यावरचं एक पान आण."

दुसऱ्या दिवशी ती पावसात भिजत आमच्या कचेरीत आली. लॅम्बोर्न उठून उभे राहिले. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, अर्नेस्टची चौकशी केली. पानाचे नाव काढताच ते खिडकीकडे बघू लागले.

"मिसेस एन्टविसल, पानं कंपनीच्या मालकीची आहेत. एकाला दिलं की उद्या सगळे चित्रकार दारात उभे राहतील."

"सगळ्यांचं मला काय करायचंय? मला एक द्या. जुनं, फाटकं, कसंही. माणूस मरायला टेकलाय माझा."

"हेटी 'क्लॅटर'ची आहे. कुणा एकाची नाही."

"असं होय? मग मला सांगा, इतकी वर्षं तुम्ही ब्रश फिरवत होता ते कुणाच्या नावावर?"

लॅम्बोर्न यांनी टेबलावरचा ब्रश उचलून खणात ठेवला. ते वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांची नोकरी होती. त्यांनी तिला दारापर्यंत पोचवले आणि बाहेर पाऊस आहे, मागच्या जिन्याने जा, तिथून बसथांबा जवळ पडेल, असे सांगितले.

मागचा जिना तळघरातून जात होता. तळघरात पाणी झिरपत होते. रखवालदार ऑग्डन विजारीचे पाय वर दुमडून उभा होता.

"जपून, बाई," तो म्हणाला. "फरशीवर पाणी आहे. हेटीवर पाय देत या, म्हणजे बूट कोरडे राहतील."

ॲडाने खाली पाहिले. जिन्यापासून दारापर्यंत पुठ्ठ्यांची वाट अंथरली होती. वर्षानुवर्षांची पाने. जाड, मजबूत, पाणी शोषायला उत्तम. हेटी बादली घेऊन धावत होती आणि तिच्या पोटावर बुटाचा ठसा होता. हेटीला चपलेचा मार बसत होता आणि अर्धी चप्पल चिखलाखाली गेली होती. ॲडाचे दोन्ही पाय एका सॉसेजच्या ताटावर होते.

ती तिथेच खाली बसली. तिने ते पान दोन्ही हातांनी उचलले. पाणी गळत होते. काळी शाई मात्र जशीच्या तशी होती, कारण ती शाई पाण्याने जात नाही. पांढरा रंग पाण्याने जातो. उजव्या कोपऱ्यातला लॅम्बोर्न यांचा पांढरा रंग दुधासारखा पातळ होऊन वाहून गेला होता आणि त्याखाली बारीक अक्षरे उभी होती. ॲडाने बोट ठेवून, एकेक अक्षर लावत ती वाचली. ई. एन्टविसल.

"ते न्यायची परवानगी नाही, बाई," ऑग्डन म्हणाला.

ॲडाने पान एका हातात धरून कोटाची बटणे सोडली.

ऑग्डनने पाठ वळवली. "ही भिंत बघायला हवी मला," तो म्हणाला. "फार ओल आली आहे हिला. बराच वेळ लागेल."

पान कोटाखाली घेऊन ती तडक वॉर्डात गेली. अर्नेस्टच्या आधी तिने ते टॅटरसॉलच्या मांडीवर ठेवले. त्याने चष्मा पुसला, कोपरा डोळ्यांजवळ नेला आणि खाटेच्या डोक्याशी लावलेल्या पाटीवरचे अर्नेस्टचे नाव पाहिले. मग पुन्हा पान.

"म्हणजे तूच का रे तो भामटा?" तो म्हणाला. "माझी चार पोरं तुझ्यापायी बादल्या घेऊन गल्लीभर हिंडायची. माझ्या दाराला हिरवा रंग फासला त्यांनी! मी त्यांना बडवलं. खरं तर तुला बडवायला हवं होतं." मग त्याने चष्मा काढला. "काल मी बोललो ते विसर, गड्या." आणि त्याने वाकून अर्नेस्टचा चांगला हात हातात घेतला.

परिचारिकेने पान अर्नेस्टच्या डोळ्यांसमोर धरले. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याचे ओठ हलले तेव्हा सगळा वॉर्ड ॲडाकडे बघू लागला.

"काय म्हणतोय?" टॅटरसॉलने विचारले.

"म्हणतोय, बादलीची कडी चुकलीय."

टॅटरसॉल एवढा हसला की खोकून त्याचा जीव कासावीस झाला. अर्नेस्ट हसला नाही. त्याचा डावा हात पांघरुणावर पेन्सिल शोधत होता. ॲडाने पेन्सिल दिली, पण ती बोटांत राहिली नाही. रविवारी सकाळी तो गेला.

पुढच्या गुरुवारी माझ्या पहिल्या पानावर हेटी होतीच. नवा चित्रकार तिचे नाक, तिचे गुडघे आधीपासून गिरवत होता. मी नेहमीइतकेच खपले. एकाही मुलाला काही कळले नाही.

पान शवपेटीत ठेवावे, असे ॲडाच्या बहिणीने सुचवले होते. "मातीत कशाला?" ॲडा म्हणाली. "झाकायचं काम कंपनीनं केलं तेवढं पुरे." तिने ते आपल्या पुढच्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून लावले. शाळेत जाणारी मुले काचेला नाक लावून उभी राहत.

मी पुढे बरीच वर्षे निघाले. मग मुले दूरचित्रवाणीसमोर बसू लागली. एके दिवशी माझ्या पहिल्या पानावर मोठ्या लाल अक्षरांत 'दोस्तहो, खूशखबर!' असे छापले गेले. आमच्या धंद्यात साप्ताहिक मरते तेव्हा हेच छापतात. पुढच्या आठवड्यापासून मी दुसऱ्या एका साप्ताहिकात विलीन होणार होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काही महिने माझे नाव त्याच्या नावाखाली बारीक छापले जाई, मग तेही गेले. इमारत विकली तेव्हा तळघरातला चिखल फावड्याने भरून नेला. ती हेटीची पाने होती, हे फावडेवाल्यांना ठाऊक नव्हते.

मित्रांनो, चित्रांचे पुस्तक हातात आले की खुशाल हसा, पोट दुखेपर्यंत हसा. मग ते कोणी काढले, हे शोधा. सापडले नाही तर घरच्या मोठ्यांना विचारा, छापणाऱ्यांना पत्र लिहा. त्यांना उत्तर द्यायला लाज वाटेल, उशीर होईल. तोवर एवढेच करा, ते पान जमिनीवर पडू देऊ नका.