माफी मागायची कोणाकडे

माझी धाकटी बहीण ऑन चाइंग एकदा हट्टाला पेटली की मठातले मोठे भंतेसुद्धा तिच्यापुढे हात टेकतात. त्याच हट्टानं तिनं आपल्या पोटच्या पोराला मठातून घरी आणलं.

फो लोन तिचा एकुलता एक. आमच्याकडे प्रत्येक मुलगा काही दिवस भिक्षूचं चीवर घालून मठात राहतो आणि मग घरी येऊन कामाला लागतो. फो लोन यायला तयारच नव्हता. त्याचं मन तिकडे रमलं होतं. ऑन चाइंगचा नवरा आधीच गेलेला, होडी धक्क्याला बांधून पडलेली. ती मठाच्या पायरीवर जाऊन उपाशी बसली. लोक येता-जाता बघायला लागले. शेवटी पोरानं चीवर उतरवलं, लुंगी नेसली आणि तिच्या मागून चालत घरी आला. दारात तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "झालं समाधान?"

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तेही फार दिवस नाही. इरावती नदी फुगली आणि त्याची होडी उलटली.

मी लग्न केलं नाही. बहिणीच्याच घरात राहिले. फो लोनला कडेवर घेऊन हिंडले, तापात त्याच्या उशाशी बसले. पण गावात आई एकच असते, मावशीला कोण विचारतं.

प्रेत सापडलं. अंग धुऊन झाल्यावर ऑन चाइंगनं भाताच्या हंडीच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली आणि त्याच्या उजव्या खांद्याच्या मागे दाबून ठसा उमटवला. ही आमची जुनी रीत. पुढच्या जन्मी अंगावर तसाच डाग घेऊन माणूस येतो, आणि घरच्यांना ओळखू येतो. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "परत ये. काय बोलायचं ते मला तोंडावर बोल."

दोन घरं पलीकडे एइ मॉ राहते, धक्क्यावर भाजलेले शेंगदाणे विकते. ती गरोदर असताना तिच्या स्वप्नात फो लोन ओल्या कपड्यांनी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आत येऊ का?" बुडालेला माणूस स्वप्नात कोरडा कशाला येईल! पण गावाला तेवढं पुरलं. त्यात एइ मॉला मुलगा झाला, तोही फो लोनच्याच जन्मवारी, आणि त्याच्या खांद्यामागे काळसर डाग. डाग डावीकडे होता.

मी म्हटलं, "ठसा उजवीकडे होता. माझ्या डोळ्यांदेखत लावलास."

"मी रडत होते तेव्हा, अक्का! उजवं-डावं बघत बसले होते का?"

"मी बघत होते."

"तुझं काय जातंय बघायला," ती म्हणाली आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

पोराचं नाव न्यी. तो चालायला लागला तसा आमच्याच अंगणात वाढला. एइ मॉला सकाळी धक्क्यावर जायचं असे, पोराला कोणी सांभाळलं तर तिला हवंच होतं. ऑन चाइंग त्याच्या गालांना तनाखाच्या सालीचा लेप लावायची, मांडीवर घ्यायची आणि फो लोनच्या वस्तू पुढे मांडायची. गलोल, मठातलं भिक्षापात्र, होडीचं वल्हं.

"ही गलोल आठवते?"

"हो."

"ही तुझीच ना?"

"हो."

प्रत्येक 'हो'ला ताडगुळाचा खडा. हळूहळू प्रश्न पुरा व्हायच्या आधीच 'हो' यायला लागलं. पोरगं तिला 'आई' म्हणायला लागलं, आणि आपल्या आईला 'एइ मॉ'. फो लोनच्या नावानं पुण्य वाटायला आम्ही मठात पाणी सोडायचो, तेही तिनं बंद केलं. म्हणाली, "माणूस समोर भात खातोय, त्याच्या नावानं पाणी कशाला?"

मी टोमणे मारत होते, नाही असं नाही. पण चार वर्षांत पहिल्यांदा ती केस विंचरत होती, दोन घास जास्त खात होती. त्यामुळे माझीही जीभ जरा आवरत होती.

तिला विचारायचं होतं ते मात्र तिनं लवकर विचारलं नाही. पोराला बोलता येईपर्यंत थांबली, मग नीट बोलता येईपर्यंत थांबली. शेवटी एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले असताना तिनं न्यीला समोर बसवलं. तिचा आवाज मला ओळखू येईना.

"बाळा, मी तुला मठातून आणलं. आठवतं?"

"हो."

"तू रागावला होतास. माझ्यावर अजून राग आहे का?"

"हो," पोरगं म्हणालं आणि हात पुढे केला.

मला तो हात दिसला. तिला फक्त 'हो' ऐकू आलं.

"अगं, त्याला गूळ पाहिजे!" मी ओरडले. "तू सूर्य पश्चिमेला उगवतो का विचार, तो हो म्हणेल!"

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. उठली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. न्यी बराच वेळ हात पुढे करून बसला होता. शेवटी खडा मीच त्याच्या हातावर ठेवला.

तिनं जेवण सोडलं. मी तिला ओढत मोठ्या भंतेंकडे नेलं. ते विहिरीशी आपलं चीवर पिळत होते. आम्ही खाली बसून नमस्कार केला.

"भंते, तो माझ्यावर अजून रागावलाय," ती म्हणाली.

"कोण?"

"फो लोन. न्यीच्या तोंडून बोलला."

भंतेंनी नेहमीचंच सांगितलं. हा तो नाही, आणि तो सोडून दुसराच कोणी आहे असंही नाही. लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलोय. प्रवचनात माना डोलावतो आणि घरी येऊन अंगठ्याला काजळी लावतो. पण त्या दिवशी भंते नुसतं पाठ म्हणत नव्हते. चीवर तसंच ओलं हातात धरून ते तिच्यासमोर बसले.

"बाई, 'मी' म्हणून मुठीत धरावं असं आत काही सापडत नाही. शरीर आहे, दुखणं आहे, आठवण आहे, इच्छा आहे. एक येतं, एक जातं. त्या सगळ्याच्या मोळीला आपण नाव देतो. फो लोनचा तो राग त्या दिवशी आला, त्याच दिवशी गेला. तो सांभाळून ठेवणारा कोणी नाही. पायरीवर उपाशी बसलेली ती बाई तरी आज कुठे आहे?"

"ती कुठे जात नाही भंते. रोज माझ्याच ताटात जेवते."

भंते म्हणाले, "तिलाच तर जाऊ द्यायचंय."

"राग धरणारा उरला नाही, म्हणजे माफ करणाराही उरला नाही. असंच ना?"

"असंच," भंते म्हणाले.

भंते खोटं बोलत नाहीत. कधी कधी बोलावं, असं मला वाटतं.

भंतेंचं ऐकून ती न्यीला सोडेल असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला अधिकच धरलं. त्याचे पाय धरायची. "रागवू नकोस, मी चुकले," म्हणायची. पोरगं घाबरून रडायचं, मग तीही रडायची. होडी कशी उलटली, नाकातोंडात पाणी कसं गेलं, सगळं त्याला सांगून विचारायची, "फार त्रास झाला का रे?" तो हुंदके देत 'हो' म्हणायचा. मी पोराला उचलून बाहेर न्यायचे. ती माझ्या अंगावर धावून यायची.

एक दिवस एइ मॉ आली. शेंगदाण्याची टोपली दारातच आपटली. ही पोरगी कधी चढ्या आवाजात बोललेली मला आठवत नाही.

"मावशी, न्यी नदीवर पाय ठेवत नाही. अंघोळीचं पाणी अंगावर घेतलं की किंचाळतो, मी पुन्हा बुडणार म्हणतो. काल मी हाक मारली, न्यी, ये जेवायला. तर मला विचारतो, न्यी कोण?" ती पुढे आली. "मावशी, तुमचा गेलाय. माझा जिवंत आहे. माझा मला द्या."

ऑन चाइंग खांबाला टेकून उभी होती. ती शिव्या घालेल म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत होते. पण तिनं विचारलं, "असं म्हणाला? न्यी कोण, असं?"

"हो."

"मग त्याला अंडं द्यायला पाहिजे."

मागचा जन्म आठवणाऱ्या पोराला आमच्याकडे उबवणीतलं, पिल्लू न निघालेलं अंडं खायला घालतात. त्यानं मागचं पुसलं जातं. ज्या घरातून जीव आला, त्याच घरच्या हातानं ते द्यावं लागतं, नाहीतर लागू पडत नाही. एइ मॉला हे ठाऊक होतं. तेच मागायला ती आली होती, पण अंड्याचं नाव काढायला धजत नव्हती.

आमची कोंबडी नुकतीच पिल्लं घेऊन उठली होती. खुराड्यात एक अंडं तसंच राहिलं होतं. ऑन चाइंगनं ते निखाऱ्यात भाजलं आणि सोललं. वास येत होता. तिनं त्यावर मीठ टाकलं आणि न्यीला मांडीवर घेतलं. नखाएवढा तुकडा तिनं त्याच्या ओठांशी धरला, आणि तिचा हात तिथेच थांबला. ती काय करतेय हे तिला पुरतं कळत होतं. भंते काहीही म्हणोत, तिच्या लेखी फो लोन या पोरातच होता. त्याला ती आज स्वतःच्या हातानं पुसत होती, आणि तोही माफी न मिळता.

"खा," ती म्हणाली. "सगळं विसर. मलाही विसर."

न्यीनं तोंड वेडंवाकडं करत गिळलं. एइ मॉनं त्याला उचललं, ऑन चाइंगपुढे वाकून नमस्कार केला आणि झपझप निघून गेली. पोरानं मागे वळून बघितलं नाही.

मी चुलीवरचा भात उतरवला, दोन ताटं वाढली. ती तशीच बसली होती.

"अक्का, आता मला माफ कोण करणार?"

भंतेंचं उत्तर मला पाठ होतं. ते तिला ऐकवायची माझी छाती झाली नाही. पण दुसरंच काहीतरी माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो माझाही होता, चाइंग."

तिनं मान वर केली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी आत्ताच दारातून आत आले होते. मग तिनं दोन्ही हात जोडले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांत हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला पाहिजे होता. एवढं सोपं होतं. पण मला ती मठाच्या पायरीवर बसलेली बाईच दिसत होती, आणि तिच्या मागून चालत आलेल्या फो लोनचा उतरलेला चेहरा.

"ऊठ," मी म्हटलं. "भात निवतोय."

तिनं डोकं उचललं नाही. मीही हात उचलला नाही.