दोनदा गिळायचं

"सीटला रेक्झिन नको हो, उन्हाळ्यात गिऱ्हाईक चिकटून बसे—"

काकांचं वाक्य तिथंच तुटलं. तोंडात ना घास होता, ना पाणी. होती ती स्वतःचीच लाळ, आणि ती भलत्या वाटेनं उतरली होती. चेहरा लालबुंद झाला, डोळे भरून आले, खोकल्यानं सगळं अंग गदगदा हलायला लागलं. दुकानात समोर हॉटेलवाले उभे होते. त्यांच्या नव्या हॉटेलच्या खुर्च्या मढवायला आल्या होत्या. ते घाबरून काकांच्या पाठीत धपाधप बुक्के घालू लागले. लेक हातातली स्टेपल गन टाकून पाण्याचा ग्लास घेऊन धावली. त्या पाण्यानं तर उरलासुरला श्वासही अडकला.

खोकला ओसरला तेव्हा काका भिंतीला टेकून धापा टाकत होते. शर्टाची छाती भिजली होती. हॉटेलवाल्यांनी लेकीला दाराशी नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"वडिलांना घरी बसव आता. भलतंसलतं झालं म्हणजे? आणि गिऱ्हाईक भेदरतं गं अशानं."

काकांचा घसा बिघडला होता, कान शाबूत होते. लेक त्यावर काहीच बोलली नाही. हॉटेलवाल्यांच्या बोलण्यापेक्षा तिचं ते गप्प राहणं काकांना जास्त लागलं.

सोफे आणि खुर्च्या मढवण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं. त्या धंद्यात चुका, म्हणजे बारीक टोकदार खिळे, तोंडात भरून ठेवायची जुनी रीत. जिभेनं एकेक चूक फिरवून ओठांवर आणायची, चुंबकाच्या हातोडीनं उचलायची आणि ठोकायची. दोन्ही हात कापड ताणायला मोकळे राहतात. तोंडात मूठभर चुका असताना काका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत, रेडिओबरोबर गुणगुणत, डबा घेऊन आलेल्या बायकोशी भांडतसुद्धा. एवढ्या वर्षांत एकही चूक पोटात गेली नव्हती. आणि आता साधी थुंकी गिळता येईना!

तपासण्या झाल्या. भयंकर काही निघालं नाही. घशाचे स्नायू वयानं सैल पडले होते, एवढंच. डॉक्टरांनी त्यांना गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई लेकीच्याच वयाच्या, पण बोलायला फटकळ.

"काका, लाळ आपण दिवसभर गिळत असतो. नकळत. तुमच्या घशाला आता ते नकळत जमत नाही. तेव्हा तुम्ही कळून गिळायचं. बोलायच्या आधी तोंडातलं गिळून टाकायचं. ताठ बसायचं, हनुवटी छातीकडे घ्यायची, छोटा घोट, आणि दोनदा गिळायचं."

"आयुष्यभर तोंडात चुका धरल्या, एक गिळली नाही," काका म्हणाले. "आता थुंकी गिळायला शिकू?"

"शिका की. इतकी वर्षं न गिळण्यात पटाईत होतात, आता गिळण्यात व्हा."

काकांना हसू आलं, आणि हसता हसता ठसका. लेक पाण्याच्या बाटलीकडे झेपावली. बाईंनी तिचा हात धरला. "पाणी नाही. पाठीत मारायचंही नाही. खोकता येतंय तोवर त्यांना खोकू द्या, खोकलाच वाट मोकळी करतो. आवाज फुटेनासा झाला, श्वास अडला, तर मात्र धावायचं. ते कसं, हे मी तुम्हाला शिकवते." आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "तोंडात चुका ठेवणं मात्र कायमचं बंद. त्यात मी काही ऐकून घेणार नाही."

काकांनी मान हलवली.

त्या दिवसापासून घरात सगळं कुस्करलेलं, वाटलेलं, गाळलेलं. पातळ पाणी पटकन भलत्या वाटेला जातं, म्हणून त्यातसुद्धा पावडर घालून ते दाट करायचं.

"हे पाणी आहे की खळ?" काका पेला डोळ्यांसमोर धरून म्हणाले. "यानं कापड चिकटेल."

"मग आतून तरी नीट चिकटून राहा," बायको म्हणाली. तिनं स्वतःच्या ताटातही तसाच लगदा वाढून घेतला होता.

"तू कशाला खातेस हे?"

"तुमच्यासमोर कुरुमकुरुम चावत बसू होय?"

"बस. चांगली आवाज करून चाव. तुझ्या घशाला काय धाड भरलीय? माझ्यावर ओरडून ओरडून पैलवान झालाय तो."

बायकोनं लगदा बाजूला सारला आणि काकडीचा तुकडा कचकन तोडला. डोळे पुसत पुसत तिनं ती अख्खी काकडी संपवली.

लेकीनं मात्र हाय खाल्ली होती. "बाबा, थोडे दिवस घरीच थांबा ना," ती म्हणाली. "मी करते सगळं."

"घरी काय खोकला येत नाही?"

"तसं नाही..."

"मग कसं? मी खोकताना तुला लाज वाटते की भीती?"

"भीती," लेक म्हणाली, आणि तिचा चेहरा लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसा झाला. "त्या दिवशी मला वाटलं, गेलात तुम्ही."

काकांचा आवाज खाली आला. "मलाही वाटलं. पण मी गेलो नाही ना? मग आता जिवंत माणसासारखं वागू दे."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर. लेकीनं त्यांचं स्टूल आतल्या बाजूला, पडद्यामागं हलवलं होतं. काकांनी ते फरफटत पुढं आणलं, रस्त्यावरून दिसेल असं ठेवलं, आणि एक खुर्ची समोर ओढली. चुकांची पुडी फोडली. हात आपोआप तोंडाकडे गेला. ओठांपाशी तो थांबला. मग त्यांनी चुका वाटीत ओतल्या. आता प्रत्येक चुकेसाठी कापड सोडा, वाटीत हात घाला, पुन्हा कापड ताणा. ताण सैल पडे, घडी सुटे. काका स्वतःवरच चरफडले. जिभेवर ती लोखंडाची चव नव्हती, आणि तोंड रिकाम्या घरासारखं वाटत होतं. लेकीनं न बोलता स्टेपल गन त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी ती न बोलता परत सरकवली.

हॉटेलवाले खुर्च्या न्यायला आले तेव्हा काका शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांना पाहून हॉटेलवाले चपापले. "काका, तुम्ही? अहो, आराम करायचा..."

काका उत्तर द्यायला गेले आणि ठसका लागला. तोच, जिवावरचा. हॉटेलवाले हात उगारून पुढं झाले. काकांनी तळहात आडवा धरला. थांबा. लेक जागच्या जागी उभी राहिली, मुठी आवळून, पण हलली नाही. काका खोकले. आणखी खोकले. नाकाडोळ्यांतून पाणी गळलं. हनुवटी खाली घेतली, गिळलं, पुन्हा गिळलं. फुटपाथवरची दोन माणसं थबकून बघत होती. काकांनी रुमालानं तोंड पुसलं.

"हं. तर तुम्ही आरामाचं म्हणत होता," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्या दिवशीचं ऐकलंय मी. माझ्या खोकल्यानं गिऱ्हाईक भेदरत असेल, तर दोन मिनिटं भेदरू दे. मला रोज खोकायचंय, आणि रोज इथं बसायचंय."

हॉटेलवाले ओशाळले. कुठं बघावं ते त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "रविवारी दुपारी हॉटेलचं उद्घाटन आहे. घरच्यांना घेऊन या जेवायला."

ते उगाच म्हणायचं म्हणून म्हणाले असतील. काका गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला आणि लेकीला घेऊन. हॉल गच्च भरला होता. हॉटेलवाल्यांनी कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. काका मधल्या टेबलावर बसले. वेटरला म्हणाले, "दाट सूप. तुकडे नकोत. आणि घाई नको."

लोक आले, जेवले, उठले. काका ताठ बसून चमचा उचलत होते. हनुवटी खाली, एकदा, दोनदा. मध्येच खोकला आला. शेजारच्या टेबलावरची मान वळली. काका त्या माणसाकडे बघत खोकले, तो खाली बघेपर्यंत. बायकोनं तेवढ्यात पापड मोडावा तसा टोस्ट मोडला आणि खणखणीत आवाज करत चावला.

हळूहळू हॉल रिकामा झाला. बायकोचं आणि लेकीचं केव्हाच आटोपलं होतं. फरशी पुसणारी बाई बादली घेऊन दारात थांबली होती. लेक हळूच म्हणाली, "बाबा, उरलेलं बांधून घेऊ या का?"

काकांनी तोंडातलं आधी नीट गिळलं, मग पुन्हा एकदा गिळलं.

"नाही," ते म्हणाले. "मी जेवतोय."

वेटर वाटी उचलायला आला होता, तो मागं सरला. काकांनी चमचा भरला.