कुणी न उलटलेली थप्पी

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपणा शिकवायला नको. पिंपासाठी कापलेली ओकची फळी पावसात ठेवायची असते. छपराखाली नाही, ताडपत्रीखाली नाही. उघड्यावर, उन्हात, बर्फात, दोन-अडीच वर्षं. लुइव्हिलहून येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या आवारात उभा राहतो आणि विचारतो, अहो, एवढं चांगलं लाकूड भिजतंय की. भिजू दे. भिजायलाच ठेवलंय. पहिल्या वर्षी थप्पीखालून जे पाणी वाहतं ते कोऱ्या चहासारखं काळपट असतं. तो लाकडातला कडूपणा बाहेर पडत असतो. मग फळी करडी पडते, तिच्यावर बारीक बुरशी धरते, आणि ती बुरशी लाकडातली गोडी मोकळी करते. अशा फळ्यांचं पिंप करून आतून जाळलं की व्हॅनिलाचा वास सुटतो, करपत आलेल्या साखरेचा सुटतो, आणि ते सगळं बर्बनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या मक्याच्या व्हिस्कीत उतरतं. जे लाकूड नुसतं भट्टीत कोंबून वाळवलं, त्याच्या पिंपातली बर्बन सहा वर्षांनी पिऊन बघा. जीभ आणि टाळू एकमेकांना चिकटतात.

मी ओपल जेंट्री. केंटकीतल्या ह्या पिंपांच्या कारखान्यात लाकडाचं आवार नऊ वर्षं माझ्या ताब्यात आहे. त्याआधी ते हर्शेल टिंगलकडे होतं आणि मी त्याच्या हाताखाली होते. मला राग लवकर येतो हे सगळी काउंटी जाणते. त्या गुरुवारी जो आला, तसा मात्र मला नवऱ्यावरही कधी आला नव्हता, आणि नवरा माझा काही कमी नव्हता.

हर्शेलचं सांगते. आवार माझ्याकडे देऊनही तो रोज यायचा, माझ्या चुका काढायचा, माझ्या डब्यातला मक्याचा पाव खायचा. त्याची मुलगी कोरिन वीस वर्षं दुसऱ्यांच्या डिस्टिलरीत राबली आणि शेवटी तिनं स्वतःची लहानशी उभी करायला घेतली. तेव्हा ह्या म्हाताऱ्यानं काय करावं? घरामागच्या उतारावरचे अठरा पांढरे ओक तोडले. त्याच्या आजोबांच्या वेळचे. म्हणाला, पोरीची पहिली बर्बन ह्या लाकडात भरायची. चाळीस पिंपांच्या फळ्या निघाल्या. कोरिननं त्या बर्बनचं नावही ठरवून टाकलं: हर्शेल.

ऑक्टोबरात त्यानं स्वतःच्या हातानं थप्पी रचली. तोवर त्याचं फुप्फुस गेलं होतं, चार फळ्या लावल्या की बसायचा. खरं तर फळ्या आडव्या-उभ्या, मध्ये बोटभर फट ठेवून रचतात, म्हणजे वारा-पाऊस आत शिरतो. त्याच्यात तेवढा दम राहिला नव्हता. त्यानं त्या नुसत्या एकमेकींवर दाबून रचल्या, घट्ट. मी बघत होते. म्हणाला, "ह्या थंडीपुरतं असू दे. मार्चमध्ये उघडतो आणि नीट लावतो."

फेब्रुवारीत तो गेला.

दर वसंतात थप्पी उलटायची हा आमच्याकडचा नियम. आतल्या फळ्या बाहेर, खालच्या वर. मार्च आला, सगळं आवार उलटून झालं, आणि हर्शेलची थप्पी तेवढी राहिली. त्याच्या हातचं शेवटचं काम ते. कुणाचं धाडस होईना. कुणीतरी तिच्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली, कुणीतरी त्याची टोपी खिळ्यानं ठोकली. लोडर चालवणारा डेल्मर तर तिच्याजवळून जाताना गाडीतलं गाणं बंद करायचा. कोरिन दर महिन्याला यायची, थप्पीवर हात ठेवून रडायची, डोळे पुसून जायची. मी मधूनमधून बाहेरच्या फळीचा कपचा काढून चावून बघायची. आमच्याकडे लाकूड जिभेनंच कळतं, यंत्रं नंतर आली. कपचा गोडसर लागायचा. मी म्हणायची, मस्त चाललंय.

बाहेरच्याच फळीचा कपचा, बरं का. दर वेळी.

एप्रिल आला, अडीच वर्षं पुरी झाली. गुरुवारी सकाळी डेल्मरनं टोपी उतरवून आपल्या छातीशी धरली, मग लोडर लावला आणि थप्पीचा वरचा भाग उचलला. आतल्या फळ्या उघड्या पडल्या. त्या पांढऱ्याफटक होत्या, जणू कालच कापल्यात. आंबूस, कोंदट वास आला. मधल्या काही तर काळ्या पडून चिकट झाल्या होत्या. मी एक कपचा काढला आणि चावला. तोंड असं आवळून आलं की कच्चं टेंभुर्णीचं फळ खाल्लं असतं तरी बरं. मी तो थुंकला आणि दुसऱ्या फळीचा घेतला, तिसऱ्या, आठव्या फळीचा घेतला. बाहेरचे दोन थर सोडले तर अख्ख्या थप्पीला पाऊस म्हणून लागला नव्हता.

मी डेल्मरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या आईलाही सोडलं नाही, आणि ती माझ्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते.

आरडाओरडा ऐकून मॅनेजर आला. ब्रँट नाव, वय पस्तीस, बूट नेहमी स्वच्छ. त्यानं पाणी मोजायचं यंत्र फळीला लावलं आणि म्हणाला, एवढंच ना, चार दिवस भट्टीत घालू, आकडा बरोबर येईल, ग्राहक खूश. वर पिंप जाळणारच आहोत, कोळशाखाली काय कळतंय.

"ओले कपडे वाळवले म्हणजे ते धुतले असं होतं का रे?" मी म्हटलं. "भट्टी पाणी काढते. कडूपणा जिथल्या तिथे राहतो."

तो म्हणाला की कोरिन महिनाअखेरीस पहिली धार काढणार आहे, तिला चाळीस पिंपं हवीत, आणि ही बातमी तिला सांगायची त्याची तरी हिंमत नाही. निदान हा माणूस खरं बोलला.

डेल्मर मात्र माझ्या मागे मागे आला. गरीब स्वभावाचा आहे, बोलताना मान खाली असते. म्हणाला, मिस ओपल, राहू द्या ना. सहा वर्षांनी ती पिंपं उघडणार. जराशी कडवट लागली तर ती म्हणेल धान्य वाईट होतं, पाणी वाईट होतं. हर्शेलच्या लाकडाचं नाव कशाला घालवायचं? त्याच्यासाठी म्हणून गप्प बसू.

त्याच्यासाठी. हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. हर्शेलनं एकदा एका फळीत सुईएवढी गाठ सापडली म्हणून अख्खं पिंप मोडलं होतं, ग्राहक समोर उभा असताना. त्याच्या नावानं आम्ही आता त्याच्याच पोरीला फसवणार होतो. मी डेल्मरला म्हटलं, तुमच्यातल्या एकालाही दोन वर्षांत सुचलं नाही की ही थप्पी उघडायला हवी? इथे सगळे पोटापुरतं तरी डोकं घेऊन येता की नाही?

डेल्मरनं मान वर केली. "सुचलं होतं. पहिल्या मार्चमध्ये मी लोडर घेऊन आलो होतो. तुम्ही म्हणालात, जो हिला हात लावेल त्याचा हात मोडून ठेवीन."

म्हणाले होते. अगदी हेच शब्द. हर्शेलला पुरून तीन आठवडे झाले होते आणि मला ती थप्पी तशीच हवी होती, त्यानं ठेवली तशी, वाकडीतिकडी. आवारात सगळ्यात जास्त अक्कल कुणाला, तर मला. थप्पी घट्ट आहे हे डोळ्यांनी बघितलेलं कुणी, तर मी. मार्चमध्ये उघडतो हे त्याचे शब्द ऐकलेले कुणी, तर मीच. इतका वेळ मी सगळ्यांवर भुंकत होते आणि चोर माझ्याच घरात होता.

शनिवारी सकाळी कोरिन आली. ट्रकमधून उतरली तीच हसत. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पण चालते बापासारखी, पुढे झुकून. लहानपणी ह्याच आवारात खेळली आहे, मला अजून मिस ओपल म्हणते. ब्रँट पुढे होऊन काहीतरी गोल गोल बोलायला लागला. मी त्याला म्हटलं, तू आत जा. तो गेला.

मी कोरिनच्या हातावर दोन कपचे ठेवले. एक बाहेरच्या फळीचा, एक आतल्या. तिनं विचारलंही नाही. पहिला चावला आणि मान हलवली. दुसरा चावला. तिचा चेहरा बदलला. तिनं तो थुंकला नाही, पुरता चावून गिळला, आणि मला ते बघवेना.

"ही कुणी उघडली नाही?"

"मी उघडू दिली नाही."

"का?"

मी म्हटलं, त्याच्या हातची होती म्हणून.

ती थप्पीपाशी गेली. काळी पडलेली एक फळी तिनं ओढून काढली, दोन्ही हातांत धरून बघत राहिली. रडेल असं मला वाटलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाबांना आपण चर्चच्या मागे पुरलंय, ओपल," ती म्हणाली. "हे लाकूड होतं."

नावाआधीचं मिस गळून पडलं होतं.

"दर महिन्याला मी इथे येत होते. तू मला हिच्यापुढे उभी राहून रडू देत होतीस, आणि आत हे चाललं होतं. एकदा तरी म्हणायचंस, चल पोरी, रडणं पुरे, ती बाजू धर. मी धरली असती. त्यांनी आयुष्यभर मला दुसरं शिकवलं काय?"

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, ते दिसतंय. मी म्हटलं, सडलेल्या बाजूला काढते, उरलेल्या फट ठेवून लावते, आजपासून मोजून दोन वर्षं. सत्तावीस-अठ्ठावीस पिंपांच्या निघतील. एकटी करते, कुणाला हात लावू देत नाही.

"पुन्हा तेच," ती ओरडली. "पुन्हा कुणाला हात लावू देत नाही. सगळे लावतील. डेल्मर लावेल, मी लावीन, तो स्वच्छ बुटांचा लावेल."

मग तिनं ब्रँटला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की महिनाअखेरीस, तयार असतील ती साधी चाळीस पिंपं पाठव, त्यांच्यावर बाबांचं नाव येणार नाही. त्या नावाची बर्बन आता सहाऐवजी आठ वर्षांनी. तेव्हा ती बावन्न वर्षांची असेल. मी असले तर शहात्तर.

ती वर चढली आणि फळ्या खाली द्यायला लागली. द्यायला कसल्या, फेकायलाच. मी झेलत होते, करड्या एकीकडे, पांढऱ्या दुसरीकडे, काळ्या कचऱ्यात. डेल्मर न बोलावता येऊन उभा राहिला. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी थांबलं नाही. माझ्या गुडघ्यांनी जीव नको केला होता, पण तिच्यासमोर बसायची माझी छाती नव्हती.

अर्धी थप्पी उतरली तेव्हा ती वरूनच म्हणाली, "आणि मधेच मेलीस तर? शहाण्यासारखं आत्ताच सांगून ठेव. तुझ्या नावानं हे बावळट पुन्हा इथे फुलं आणून ठेवतील."

मी डेल्मरला जवळ बोलावलं. म्हटलं, मी मेले तर पुरायच्या दिवशी सुट्टी घ्या. दुसऱ्या दिवशी सातला कामावर यायचं, आणि मार्च असेल तर सगळ्यात आधी ही थप्पी उलटायची. डेल्मरच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हो म्हणाला. मी त्याला ते मोठ्यानं म्हणायला लावलं, वर तिला ऐकू जाईल असं.