शनिवारसकट

टॉवेलाच्या कडेला हळदीचा डाग होता आणि तो म्हशीसारखा दिसत होता... की गेल्या आठवड्यात घोडेगावच्या गुरांच्या बाजारातून आल्यापासून नीलांबरीला सगळेच डाग म्हशीसारखे दिसत होते? टॉवेलाखाली तिचा उजवा हात होता आणि त्या हातात रुचाचा, नऊ वर्षांचा, किंचित चिकट हात.

"आई, वर बघ. हाताकडे बघायचं नसतं."

नीलांबरीने वर पाहिलं. पंखा फिरत होता.

रुचाला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरलं, तेव्हा नीलांबरीने एकच नियम केला होता – पुढचा प्रकल्प रुचाने ठरवायचा, आईने फक्त विचारायचं. त्या नियमातून कुकरच्या शिट्ट्यांचा अभ्यास झाला, प्रवरेच्या पुलावर कोणकोणत्या ट्रकवाल्यांना झोप आली आहे याची पाहणी झाली आणि मग म्हशी. बाजारात रामहरी नावाच्या व्यापाऱ्याने उपरण्याखाली हात घालून भाव कसा करतात ते दाखवलं होतं.

"तोंडानं बोलायचं न्हाई, ताई. जेवढी बोटं धरली तेवढा भाव."

"आणि पटलं नाही तर?" रुचाने विचारलं होतं.

"हात सोडायचा. म्हशीला कळूबी द्यायचं न्हाई."

तेव्हापासून घरातली नियोजनाची बैठक टॉवेलाखाली भरत होती. शामकांतने परवा सहज हात घातला तर त्याला बाहेर काढण्यात आलं. या सौद्यात बापाला दलाली करायची परवानगी नव्हती.

आज सकाळी रुचाने नवा प्रकल्प जाहीर केला. विषय – शाळा. पद्धत – जाऊन बसणे. आठवड्यातून किती दिवस, एवढंच ठरायचं होतं.

"नियम तुझाच आहे, नीलू," शामकांत पेपरमागून म्हणाला. पेपर हलला नाही, पण आवाज हसत होता.

नियम माझाच. मला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून तर... दादा, माझे वडील, जेवता जेवता म्हणाले होते, नीलू सायन्सला जाणार, आणि मी आईला म्हणाले होते, आमटी वाढ – आणि त्या आमटीतून तरंगत तरंगत मी कॉलेजात गेले, लग्नात गेले, संगमनेरात आले, आणि अजूनही कधीकधी दुपारी वाटतं की कुणीतरी ताटावरून मान वर करून विचारील, नीलू, तुला काय हवंय गं? उत्तर मात्र तयार नाही. एवढ्या वर्षांत आमटीच्या पुढे गेलेलं नाही.

टॉवेलाखाली रुचाने पाच बोटं धरली. मग सोडली आणि पुन्हा एक धरलं.

म्हणजे सहा. शनिवारसकट – सकाळची अर्धी शाळा, तीसुद्धा सोडायची नव्हती तिला.

नीलांबरीने दोन बोटं दाबली. रुचा पंख्याकडे बघत राहिली, तोंडावर रामहरीची ती निबर शांतता, जणू दोन हा आकडा या भागात कुणी ऐकलेलाच नाही. तीन? पंखा. मग घर दुपारभर किती मोठं होईल, कुकर शिट्ट्या देईल आणि त्या मोजायला कुणी... चार?

"आई, तुझा हात घामेजलाय."

"म्हशीला कळूबी द्यायचं न्हाई," शामकांत म्हणाला.

हात सोडला की सौदा मोडला, एवढं सोपं होतं. पण आत अंधार होता आणि उबदार होतं, आणि कुठलं बोट कुणाचं हे हळूहळू कळेनासं झालं होतं – त्यातलंच एक, लहानसं, कुणी न विचारता पाहुण्यासारखं थांबलेलं, बहुधा नीलांबरीचंच असावं. रुचाने ते अलगद धरलं, दाबलं नाही, नुसतं धरून ठेवलं, विचारल्यासारखं.

नीलांबरी पंख्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता काहीतरी आठवेल, आमटीच्या पुढचं.